संगणकाचा गृहपाठ आणि तेंदूचा हिशेब

विद्यापीठाच्या हिवाळी अथवा उन्हाळी परीक्षेचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागले, म्हणजे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांतून एका विशिष्ट प्रकारच्या लगबगीला आरंभ होतो. सत्रभर जिच्याकडे पाहण्याची सवड झालेली नसते, ती ‘प्रॅक्टिकल रेकॉर्ड’ नावाची जाड पुठ्ठ्याची वही बाहेर निघते. गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या एखाद्या ज्येष्ठाची तशीच वही आर्जवाने मिळवली जाते. आणि मग वीसपंचवीस प्रोग्रॅम, प्रत्येकाचा उद्देश, त्याची प्रवाहाकृती आणि पडद्यावर उमटलेले उत्तर, हा सारा ऐवज नव्या वहीत दाखल करण्यात दोनतीन रात्री खर्ची पडतात. नक्कल इतकी तंतोतंत असते की मूळ वहीत स्वल्पविराम चुकला असेल, तर मक्षिकास्थाने मक्षिका या न्यायाने तो येथेही चुकतो. पुढे सरांची सही होते, विभागाचा शिक्का उमटतो, बाहेरून आलेले परीक्षक दोनचार पाने चाळतात, आणि विद्यार्थ्याने विहित संख्येइतकी कामे पूर्ण केली आहेत अशी ग्वाही दप्तरी जमा होते.

हा प्रकार केवळ एका महाविद्यालयाचा किंवा एका जिल्ह्याचा नाही. देशभर तो थोड्याफार फरकाने आढळतो, आणि त्याबद्दल विद्यार्थ्यांना दोष देऊन मोकळे होणेही न्यायाचे नाही. ज्या व्यवस्थेत वही पूर्ण असण्याला गुण मिळतात, तेथे वही पूर्ण करण्याचाच उद्योग होणार. परंतु प्रोग्रॅम लिहिण्याचा अभ्यास हा इतर अभ्यासांहून एका बाबतीत मूलतः भिन्न आहे, आणि ती भिन्नता ध्यानात घेतल्यावाचून या उतरवण्याने नेमके काय गमावले जाते हे कळत नाही. इतिहासाच्या निबंधात विधान चुकले तर ते दाखवून देण्यास जाणता गुरू लागतो. येथे मात्र यंत्र समोर बसलेले असते आणि ते तात्काळ, भीडभाड न ठेवता, दिलेल्या आज्ञेबरहुकूम वागून आपली चूक आपल्याच पदरात टाकते. शिक्षण घडते ते चूक पदरात पडणे आणि ती कोठून आली याचा माग काढणे, या दोहोंमधल्या अवधीत. तयार प्रोग्रॅम ही त्या अवधीच्या अखेरीस उरणारी वस्तू होय. तीच तेवढी उचलून वहीत ठेवली, तर शिक्षणाचा भाग बाहेरच राहतो.

यंत्राला परीक्षकाच्या आसनावर बसवण्याची कल्पना संगणकशिक्षणाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील रेन्सेलिअर येथील तंत्रविद्यालयात जॅक हॉलिंग्जवर्थ या अध्यापकाने विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम यंत्राकडूनच तपासून घेण्याची पद्धत चालवली आणि १९६० साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी प्रोग्रॅम भोके पाडलेल्या पत्त्यांवर नोंदवत, यंत्राचा वेळ अतिशय महाग असे, आणि शंभर विद्यार्थ्यांची कामे हाताने तपासणे कोणाही एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. पुढे १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ ही भाषा सिद्ध केली, आणि १९७८ साली कर्निगन व रिची यांनी तिच्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या पहिल्याच पाठात पडद्यावर जगाला नमस्कार करणारा इवलासा प्रोग्रॅम दिला. जगभरातील विद्यार्थ्यांचा पहिला गृहपाठ आज अर्धशतक होत आले तरी तोच आहे.

आपल्याकडे ही भाषा घरोघर पोचवण्याच्या कामात विदर्भाचा वाटा मोठा आहे. नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक भारतातील कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडले. त्याची सोपी मांडणी, आणि खाजगी शिकवणीच्या फीपेक्षा कितीतरी कमी किंमत, यांमुळे चंद्रपूर-बल्लारपूरच्या विद्यार्थ्यालाही ते आपलेसे वाटले. त्याच काळात बोर्लंड या कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेले ‘टर्बो सी’ आपल्या प्रयोगशाळांत स्थिरावले. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरे उमटवणारे हे साधन मूळचे डॉस-प्रणालीचे; आजच्या संगणकावर ते चालवायचे, तर जुन्या यंत्राचे सोंग आणणारी दुसरी आज्ञावली आधी चालवावी लागते. तरीही अभ्यासक्रमाच्या आणि प्रश्नपत्रिकेच्या अंगवळणी पडल्यामुळे ते अनेक ठिकाणी टिकून राहिले. या टिकून राहण्याचा एक विलक्षण परिणाम पुढे दिसेल.

याच विदर्भातले चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे १९८२ पर्यंत एकच होते. तेथील महाविद्यालये दीर्घकाळ नागपूर विद्यापीठाच्या अंमलाखाली होती. २०११ साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि या दोन जिल्ह्यांचे उच्चशिक्षण त्याच्या कक्षेत आले. एकीकडे कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र आणि कागदाचा कारखाना, तर दुसरीकडे ताडोब्यापासून भामरागडपर्यंत पसरलेले सागाचे, बांबूचे आणि तेंदूचे अरण्य, असे या मुलखाचे दुहेरी स्वरूप आहे. आणि बीसीए, बीएस्सी किंवा विदर्भाबाहेर फारसा ठाऊक नसलेला बीसीसीए हा वाणिज्य-संगणकाचा अभ्यासक्रम घेणारी मुले या दोन्ही बाजूंनी येतात. घरी कोणी गोंडी बोलतो, कोणी माडिया. सिरोंच्याकडचा तेलुगू बोलतो, तर मुलचेरा-चामोर्शीकडचा एखादा बंगाली. शाळा बहुतेकांची मराठीतून झालेली असते, आणि महाविद्यालयात आल्यावर पाठ्यपुस्तक, यंत्र आणि प्रश्नपत्रिका ही तिन्ही एकदम इंग्रजी बोलू लागतात. उतरवून काढलेली वही हा अशा विद्यार्थ्याचा आळस असतो असे नाही. पुष्कळदा तो त्याचा आडोसा असतो.

याशिवाय यंत्राची गोष्ट वेगळीच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. वीज जाते, फोनची रेंज जाते, आणि ‘अमुक तारखेच्या मुदतीत काम अपलोड करा’ या फर्मानाला काही अर्थ उरत नाही. एका संगणकापुढे तिघेचौघे बसत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला कळफलक कितीसा येणार? म्हणून हाताने लिहायच्या वहीची सरसकट टवाळी करणे मला प्रशस्त वाटत नाही. कागदावर प्रोग्रॅमची एकेक ओळ आपण यंत्र होऊन चालवायची, प्रत्येक चलाची किंमत कोष्टकात मांडत जायची, याला विद्यार्थी ‘ड्राय रन’ म्हणतात. आणि हा अभ्यास विजेवाचून, संगणकावाचून, झाडाखाली बसूनही होतो. दोष कागदाचा नाही. त्या कागदावर आपण काय मागतो याचा आहे.

आता या मुलखातलाच एक गृहपाठ घेऊन पाहू. एप्रिल-मे महिन्यांत येथील हजारो कुटुंबे पहाटे जंगलात शिरून तेंदूची पाने तोडतात. ७० पानांचा एक पुडा बांधतात. संध्याकाळी गावच्या फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, पुडे मांडून त्यांची मोजणी होते. मजुरी शेकड्याच्या दराने ठरते. आणि १,००० पुड्यांची, म्हणजेच ७०,००० पानांची, एक प्रमाण गोणी धरतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, आणि विशेषतः धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर, गडचिरोलीतील कितीतरी ग्रामसभा स्वतःच लिलाव करतात, स्वतःचे बँकखाते ठेवतात आणि मजुरीचे वाटपही स्वतः करतात. तेव्हा ‘मजुराचे पुडे द्या, त्याची मजुरी काढा’ हा प्रश्न येथील विद्यार्थ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या घरातले कोणीतरी त्या फळीवर पुडे घेऊन उभे राहिलेले असते.

समजण्याच्या सोयीसाठी दर शेकडा ४०० रुपये धरू. विद्यार्थी सरळ विचार करतो: पुड्यांना शंभराने भागायचे, म्हणजे शेकडे निघतील; त्यांना दराने गुणायचे, की मजुरी निघेल. गणित निर्दोष आहे. प्रोग्रॅम लिहिताना एखादा अर्धविराम राहतो, यंत्र तो दाखवते, विद्यार्थी तो दुरुस्त करतो, आणि प्रोग्रॅम चालू लागतो. ५०० पुडे दिले. उत्तर २,००० आले. बरोबर! वहीत उतरवायला एवढे पुरे आहे. पण १८५ पुडे देऊन पाहिले, तर ७४० च्या जागी ४०० रुपये येतात. आणि ७५ पुडे आणणाऱ्या म्हातारीच्या नावापुढे ३०० ऐवजी शून्य पडते. कारण असे, की ‘सी’ भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले म्हणजे उत्तरही पूर्णांकच येते आणि अपूर्णांकाचा भाग निमूटपणे टाकून दिला जातो. १८५ मध्ये शंभर एकदाच, ७५ मध्ये एकदाही नाही. यंत्राने तक्रार केली नाही, कारण त्याच्या दृष्टीने आज्ञा अगदी शुद्ध होती.

येथे हुशार विद्यार्थी क्रम फिरवतो: आधी गुणायचे आणि मग भागायचे. ७५ गुणिले ४०० म्हणजे ३०,०००. भागिले १०० म्हणजे ३००. साधले! तो आनंदात असतानाच शेजारी बसलेली मैत्रीण ८२ पुडे घालून पाहते, आणि पडद्यावर उत्तर उमटते: उणे ३२७. दिवसभर पाने तोडून ८२ पुडे आणलेल्या मजुराकडेच आता ग्रामसभेचे ३२७ रुपये निघतात! १८५ पुडे घातले तर ८४ रुपये येतात. ही करामत टर्बो सीची. त्या जुन्या साधनात पूर्णांकासाठी सोळा बिटांची जागा असते आणि तीत ३२,७६७ पर्यंतच संख्या मावते. त्यापुढे गेले, की मीटरचा आकडा फिरून आरंभाला यावा तशी संख्या उणे बाजूच्या टोकापासून पुन्हा सुरू होते. ८२ गुणिले ४०० म्हणजे ३२,८००. ते मर्यादेबाहेर गेले, उणे ३२,७३६ झाले, आणि शंभराने भागल्यावर उणे ३२७ उरले. हाच न्याय लावला तर एका प्रमाण गोणीतली ७०,००० पाने मोजताना हे यंत्र ४,४६४ सांगते. मोठ्या संख्येसाठी ‘लाँग’ नावाचा प्रकार वापरला म्हणजे दोनशे चौदा कोटींच्या पुढे मजल जाते आणि हा घोटाळा मिटतो. आजच्या नव्या साधनांत साधा पूर्णांकही तेवढाच मोठा असतो, त्यामुळे दुसरी चूक तेथे दिसतच नाही. पहिली मात्र तशीच राहते.

तेव्हा या लहानशा गृहपाठात विद्यार्थ्याने काय शिकावे? भागाकाराचा नियम आणि संख्येची मर्यादा, या दोन गोष्टी पुस्तकात आहेतच. त्यांहून मोलाची गोष्ट अशी, की एका उदाहरणाला उत्तर बरोबर आले म्हणजे प्रोग्रॅम बरोबर ठरत नाही. ताळा पाहण्यासाठी कोणते आकडे घ्यावेत हे ठरवणे ही स्वतंत्र विद्या आहे. शंभराच्या आतले, शंभराच्या पटीतले, पटीत नसलेले, फार मोठे, आणि शून्य, असे आकडे मुद्दाम निवडावे लागतात. त्यानंतर यंत्राच्या पलीकडचे प्रश्न उभे राहतात: फाटक्या पानांचे पुडे फळीवर नाकारले, तर त्यांची नोंद कोठे? एका गावात एकाच नावाच्या दोन बाया असतील, तर मजुरी कोणत्या खात्यावर? कामाला आई जाते आणि नाव बापाचे लागते, त्याचे काय? यांची उत्तरे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. ती ग्रामसभेत बसून विचारावी लागतात, आणि विचारल्यावर असे ध्यानात येते की हिशेबाचा प्रोग्रॅम लिहिणे हे अर्धेअधिक न्यायाचे काम आहे.

याउलट उतरवलेल्या गृहपाठाचा शोध घेण्यासाठीही यंत्रे निघाली आहेत, आणि त्यांची रीत मनोरंजक आहे. अमेरिकेतील अध्यापक अ‍ॅलेक्स एकेन यांनी १९९४ साली ‘मॉस’ नावाची प्रणाली तयार केली. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे ‘जेप्लॅग’ ही तशाच हेतूची दुसरी प्रणाली निर्माण झाली. नक्कल करणारा विद्यार्थी सामान्यतः चलांची नावे बदलतो, मोकळ्या जागा वाढवतो, टिपा गाळतो, दोन ओळींची अदलाबदल करतो आणि आपण सुटलो असे मानतो. मॉस प्रथम नावे, मोकळ्या जागा आणि टिपा अशा वरवरच्या गोष्टी दूर सारते, उरलेल्या सांगाड्याचे लहान लहान तुकडे पाडते, प्रत्येक तुकड्याचा जणू अंगठ्याचा ठसा घेते, आणि दोन प्रोग्रॅमांतले किती ठसे जुळतात हे दाखवते. मात्र ठसे जुळले म्हणजे चोरी शाबीत झाली असे नव्हे; तो कौल माणसाने दोन्ही मसुदे शेजारी ठेवून द्यायचा असतो, हे त्या प्रणालीच्या कर्त्यानेच बजावून ठेवले आहे. शिवाय दहा ओळींचा गृहपाठ सर्वांना एकच असेल, तर प्रामाणिक उत्तरेही एकमेकांसारखीच येणार. तेथे हा तपासनीस निरुपयोगी ठरतो.

आणि गेल्या काही वर्षांत तर या तपासणीचा पायाच डळमळला आहे. २०२१ साली ‘कोपायलट’ आणि २०२२ च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ अवतरले; तेव्हापासून मूळ संख्या ओळखणे, फिबोनाची श्रेणी मांडणे, आकडे चढत्या क्रमाने लावणे, असले पिढ्यानपिढ्यांचे गृहपाठ ही साधने क्षणार्धात लिहून देतात. ज्येष्ठाच्या वहीची जागा मोबाइलने घेतली, आणि प्रत्येकाला निराळी नक्कल मिळू लागल्यामुळे ठसे जुळण्याचा प्रश्नही मिटला. यावर कोणी बंदीचा उपाय सुचवतात. परंतु जे साधन उद्या नोकरीच्या ठिकाणी टेबलावरच असणार, त्याला प्रयोगशाळेच्या दारात अडवून काय साधणार? तेंदूचा हिशेब या साधनाला सांगितला, तर तेही बहुधा चांगला प्रोग्रॅम लिहून देईल. प्रश्न पुढचा आहे: ज्याने उणे ३२७ कधी पाहिलेच नाही, त्याला ८२ हा आकडा घालून बघण्याची बुद्धी कोठून होणार? यंत्राने केलेल्या कामाचा ताळा पाहण्यास आधी स्वतः चुकलेला माणूस लागतो.

म्हणून सुधारणा करायची, ती गृहपाठाच्या मागणीत केली पाहिजे, आणि तिला मोठा खर्चही येत नाही. प्रोग्रॅमची संख्या पंचवीसवरून आठदहावर आणावी, आणि प्रत्येकाबरोबर त्याच्या पहिल्या चुकीच्या खर्ड्याची, दिलेल्या आकड्यांची, आलेल्या चुकीच्या उत्तराची आणि सापडलेल्या कारणाची नोंद मागावी. प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वीच ताळ्याचे आकडे आणि त्यांची अपेक्षित उत्तरे हाताने काढून आणण्यास सांगावे. तोंडी परीक्षेत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ‘व्हायवा’त, व्याख्या विचारण्याऐवजी एक ओळ बदलून ‘आता काय होईल?’ एवढेच विचारावे, आणि त्याचे उत्तर मराठीत, हिंदीत, किंवा परीक्षकाला कळत असेल तर गोंडीत देण्याची मोकळीक असावी. इंग्रजी वाक्य जुळले नाही म्हणून ज्याला विषय कळला आहे त्याचे गुण जाऊ नयेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी-अभ्यासक्रमांची जी नवी मांडणी झाली आहे, तीत क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक ठेवलेले आहेत. ग्रामसभेचे मजुरीपत्रक, बांबूच्या विक्रीची नोंदवही, धानाच्या खरेदीकेंद्रावरची वजनाची यादी, असे जिवंत विषय या दोन जिल्ह्यांत हाताशी आहेत, आणि त्यांची तयार उत्तरे कोणत्याही वहीत मिळणारी नाहीत.

अशा मागणीने शिक्षकाचे काम वाढेल, हा आक्षेप खरा आहे. साठ विद्यार्थ्यांच्या चुकांच्या नोंदी वाचणे हे साठ वह्यांवर सह्या करण्याहून कितीतरी कष्टाचे आहे, आणि जेथे अध्यापकांच्या जागाच रिक्त असतील, तेथे हा उपदेश त्या बिचाऱ्यांना जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटेल. यासाठी आकड्यांची यांत्रिक तपासणी, जी १९६० सालीच शक्य झाली होती, ती यंत्राकडे सोपवावी आणि शिक्षकाचा वेळ बोलण्यासाठी राखावा. कारण ‘हे असे का झाले?’ हा प्रश्न समोरासमोर बसून विचारण्याला अद्याप पर्याय सापडलेला नाही.

उद्या एखाद्या गावी मजुरीच्या यादीत कोणाच्या नावापुढे शून्य लागले, आणि ती बाई फळीवर येऊन जाब विचारू लागली, तर संगणकाने असे सांगितले, हे उत्तर देऊन कोणाचीही सुटका होता कामा नये. यादी हातात घेऊन, कोणत्या पायरीवर तिचे पुडे गळाले हे शोधून, दुरुस्त आकडा तिला समजेल अशा भाषेत सांगणारा पदवीधर त्या गावातूनच निघावा, एवढ्यासाठी हा सारा गृहपाठ आहे. आणि तो तसा निघतो की नाही, यावरूनच अभ्यासक्रमाचे गुण द्यावेत.